एकतीस सह्या

विराबीतली बँक बंद झाली तेव्हा मार्लिन ट्रेगेन्झाला एक्कावन्नावं लागलं होतं. बावीस वर्षं ती एकाच खिडकीमागे बसली होती. गावात कोणाची सही कुठे वळते, खोटं बोलताना कोण पेन आपटतं आणि खरं बोलतानाही कोण आपटतं, हे तिला पाठ होतं. बँकेने निरोपाला केक पाठवला. त्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. त्या दुसरीलाही त्याच आठवड्यात निरोप मिळाला असणार, असा हिशेब करून मार्लिनने केक खाऊन टाकला.

आता गावात नोकरी म्हणावी अशी एकच जागा उरली होती. रुळांना लागून धान्य घेणाऱ्या कंपनीचे पाच पांढरे सायलो, धान्याच्या उंच टाक्या, उभे होते आणि त्यांच्या पायथ्याशी उघड्यावर, ताडपत्रीखाली, गव्हाची लांबलचक रास घातली जायची. कापणीच्या दीड महिन्यात तिथे आठ माणसं लागत. नाताळ झाला की सात जणांना घरी पाठवत आणि एकाला वर्षभर ठेवून घेत: ताडपत्र्या सांभाळ, कीड बघ, कबुतरं हाकल. ती एक जागा मार्लिनला हवी होती. नाही मिळाली तर घराला कुलूप लावून ॲडलेडला बहिणीच्या मागच्या खोलीत जायचं, आणि आई इथे गावातल्या इस्पितळाच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, चार खाटांपैकी खिडकीजवळच्या खाटेवर, रोज संध्याकाळी दाराकडे बघत पडणार. एवढा साधा मामला होता.

कंपनीची अट एकच. कामावर घेताना प्रत्येकाला एक निळी वही मिळायची. तिच्यात एकतीस कौशल्यं छापलेली होती, प्रत्येकासमोर साहेबाच्या सहीचा रकाना आणि तारखेचा रकाना. वीस डिसेंबरपर्यंत ज्याची वही भरेल त्याला ती जागा. कोणाचीच भरली नाही, तर शहरातून माणूस येईल.

साहेब म्हणजे केल्विन झर्क. वय अडतीस, विजारीला इस्त्रीची घडी, गाडीत कायम गार हवा. पहिल्या दिवशी त्याने मार्लिनला लोखंडी जिन्याने उंच माचीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. खाली ट्रक येऊन थांबायचे, वर ही खोली.

"हे बघ," केल्विन म्हणाला, "ही नळी. हे मशीन. ट्रक आला की नळी गव्हात घालायची, ती गहू ओढून घेते. तो मशीनमध्ये टाकायचा. आकडा येतो. झालं."

"आकड्याचं काय करायचं?"

"वाचायचा."

"आणि वाचून?"

केल्विनने सुस्कारा टाकला. "मार्लिन, हे काही विमान चालवणं नाही. डोकं वापर, आपोआप कळेल."

शिकवणीची एक फिल्मही होती. तिची तबकडी खोलीतच होती, पण ती लावायचं यंत्र केल्विनने दोन वर्षांपूर्वी मुलांना गाडीत कार्टून बघायला नेलं होतं. तेव्हा मार्लिनने तबकडीचं पाकीट पुढून-मागून वाचून काढलं. भिंतीवरचे कागद वाचले. आग लागल्यास काय करावे, साप निघाल्यास काय करावे. दारावर एक तक्ता होता, 'मशीनची रोजची सकाळची तपासणी', आणि त्यात तारखेपुढे केल्विनची सही होती. बँकेत राहिलेल्या माणसाची ही खोड जात नाही. चिकटवलेला कागद दिसला की तो खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचून होतो.

अर्ध्या तासाने पहिला ट्रक आला. केल्विन तोवर आपल्या कचेरीत जाऊन बसला होता.

आता शिकवणीचं असं आहे की ती करणारा एकच असला आणि त्याने हात वर केले, तरी शिकवणी थांबत नाही. दुसरे पुढे येतात. मार्लिनकडे तर अख्खा तालुका आला.

पहिला होता आयव्हन फिट्झनर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पण ट्रक अजून स्वतःच चालवायचा.

"नवीन का गं पोरी?" त्याने खालून विचारलं.

"बावीस वर्षं तुझे चेक वटवले मी, आयव्हन."

"ते ठीक. इथे नवीन. ऐक, नळी नेहमी मागच्या कोपऱ्यात घालायची. मधे सगळा भुसा गोळा होतो, खरा गहू कळत नाही."

मार्लिनने मागच्या कोपऱ्यात घातली. गहू सोन्यासारखा निघाला. त्याच्यामागे कॉलीन डॉचा ट्रक. कॉलीन नवऱ्यामागे एकटी अडीच हजार एकर बघायची आणि बोलताना दातात काडी धरायची.

"तुला त्या म्हाताऱ्याने कोपऱ्यात घालायला सांगितली ना?" ती म्हणाली. "अगं बाई, तो चांगला गहू तिथेच भरतो. आई-बापापासूनची पद्धत आहे त्यांची. तू मधोमध घाल. न्याय मधोमध असतो."

मधोमध घातली. कॉलीनचाही गहू सोन्यासारखा निघाला.

तिसरा नॉबी क्रेग. जाडा, लालबुंद, आणि बोलायला लागला की ट्रकचं इंजिन बरं वाटावं असा. "मार्ल, या दोघांचं अजिबात ऐकू नकोस, चोर आहेत दोघं. वरवर घाल. खोल गेलीस की नळी अडकते, मग दुरुस्तीला माणूस ॲडलेडहून येतो, मग केल्विन तुझ्या नावाने बिल फाडतो. तुझ्या काळजीने सांगतोय."

दुपारपर्यंत मार्लिनला नऊ जणांनी नऊ जागा सांगितल्या होत्या. जेवायच्या सुट्टीत तिने बँकेतून आणलेली एक कोरी खातेवही काढली आणि तिच्यात तीन रकाने आखले: कोणी शिकवलं, काय शिकवलं, कोणाच्या फायद्याचं. तिसरा रकाना भरल्यावर नळी कुठे घालायची हे उघड झालं. माणूस जी जागा सांगतो ती एक, आणि ज्यांच्याबद्दल तो बोलत नाही त्या तीन.

आठवड्याभरात ती गव्हात किडा कसा ओळखायचा ते शिकली (शेजाऱ्याच्या गव्हातला दाखवायला प्रत्येकजण तयार होता), दाणा फुटला की मोड आला म्हणायचं की नाही ते शिकली, आणि भुशाचं प्रमाण हाताने चाळून काढायला शिकली. मोबदल्यात केक आले. इकडे पहिल्या खेपेला केक आणायची रीतच आहे. कॉलीनने स्पंज केक आणला, तो उत्तम होता. तिच्या गव्हाची प्रत त्या दिवशी एक पायरी खाली लागली, तर दुसऱ्या दिवशी ती रिकामं भांडं मागायला आली.

तक्रारी मात्र केल्विनच्या कचेरीत जायच्या. तिला काही कळत नाही, कॉलीन सांगायची. ती फार कळल्यासारखं करते, आयव्हन सांगायचा. केल्विन प्रत्येकाच्या हातात प्यायच्या थंड कॉफीचा एक छोटा कागदी खोका ठेवायचा आणि म्हणायचा, "नवीन आहे ती. समजून घ्या." असं बोलून झालं की त्याला आपण फार मोठा आधार दिल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात मार्लिन निळी वही घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"सह्या?" केल्विन म्हणाला. "सही म्हणजे मी तुला शिकवलं असं लिहून देणं. मी कुठे शिकवलंय?"

"मग शिकव."

"वेळ दिसतोय का तुला माझ्याकडे?" टेबलावर कॉफीचा खोका होता, आणि क्रिकेटच्या सामन्याचा आवाज कुठूनतरी येत होता.

"मग निदान मला येतं का ते बघ. चल वर, एक ट्रक बघ."

"बघून काय कळणार? मी शिकवलं असतं तर मला माहीत असतं की तुला येतं. आता मला कसं माहीत?"

"मला येतंय, केल्विन."

"असेल. पण कुठून आलं ते माझ्या नोंदीत नाही." त्याने वही परत सरकवली. "मार्लिन, तुला बँकेची सवय. तिथे सगळं लिहून मिळतं. इथे माणसाने स्वतः उभं राहायचं असतं. मी उभा राहिलोच ना?"

या बोलण्याला कुठूनही फट नव्हती. मार्लिनने खातेवहीत त्याच्या नावाने एक पान काढलं होतं. ते तिने कोरंच ठेवलं.

एका गोष्टीत मात्र ती आता गावात कोणापेक्षाही हुशार झाली होती, आणि ती म्हणजे ओलावा. गहू साडेबारा टक्क्यांपेक्षा ओला असला तर घेत नाहीत, कारण ओला गहू राशीत तापतो, आणि एकदा तापला की आजूबाजूचा कोरडाही नासतो. प्रत्येक शेतकऱ्याकडे ओलावा मोजायचं स्वतःचं छोटं यंत्र असतं. माचीखाली आला की तो आधी आपला आकडा सांगणार, मग वरचं मशीन आपला सांगणार, मग दोघांची जुंपणार. हा रोजचा पाठ.

मार्लिनने ते आकडे लिहून ठेवायला सुरुवात केली ती केवळ भांडणात हाताशी असावेत म्हणून. पण पंधरा दिवसांत तिला एक गंमत दिसली. लोक थापा मारत होते खरे, पण मोजून मारत होते. आयव्हन सांगेल त्यापेक्षा मशीनवर नेहमी तीन दशांश जास्त यायचं. कॉलीन देवभीरू, तिचे दोन दशांश. नॉबीचे सात. पाऊस असो, ऊन असो, गव्हाचा वाण कोणताही असो, नॉबी सात दशांशाखाली येत नसे आणि वरही जात नसे. बँकेत असताना तिने माणसांच्या सह्या ओळखल्या होत्या. इथे ती त्यांची थाप ओळखू लागली. सहीपेक्षा थाप जास्त पक्की असते, कारण तिच्यात माणूस मन लावतो.

पंधरा डिसेंबर, रविवारी पावसाची एक सर येऊन गेली. सोमवारी कापणी बंद. केल्विनला त्या दिवशी अचानक स्वच्छतेचं मनावर आलं आणि त्याने वर येऊन कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने ओलाव्याचं मशीन आतून-बाहेरून फुंकून काढलं.

"असं असतं मशीन ठेवायचं," तो म्हणाला. हे त्याने शिकवलेलं पहिलं कौशल्य.

मंगळवारी आयव्हन खाली येऊन थांबला.

"घरच्या मशीनवर बारा पूर्णांक एक," तो वर ओरडला आणि भांडायच्या तयारीने कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

मार्लिनने मशीनकडे पाहिलं. "अकरा पूर्णांक पाच."

आयव्हनचे हात कमरेवरून खाली आले. त्याने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "हं," तो म्हणाला, आणि ट्रक घेऊन निघून गेला.

कॉलीनने बारा-तीन सांगितले, मशीनवर अकरा-सहा. तिच्या दातातली काडी खाली पडली. नॉबीने अकरा-सहा सांगितले, मशीनवर अकरा-चार. नॉबी काहीतरी बोलणार होता, त्याचं तोंड उघडलंही होतं. ते त्याने तसंच मिटलं.

बुधवारी कोणी आपला आकडा सांगितलाच नाही. ट्रक मात्र सकाळी नऊलाच रांगेत लागले. पावसानंतर गहू वाळायला दुपार होते, आणि एरवी बारापर्यंत सायलोच्या अंगणात चिटपाखरू नसायचं. आता नऊला रांग, आणि रांगेत देवळातल्यासारखी शांतता. कोणी नळीची जागा सांगेना, कोणी कोणाला चोर म्हणेना. आयव्हनने तर जाताना हात हलवला. अशी माणसं मार्लिनने एकदाच पाहिली होती: बँकेच्या यंत्रातून एका शनिवारी वीसच्या जागी पन्नासच्या नोटा येऊ लागल्या होत्या तेव्हा.

संध्याकाळी केल्विन जिन्याशी वाट बघत उभा होता. चेहरा खुललेला.

"मार्लिन! दोन दिवस झाले. एक तक्रार नाही. एकसुद्धा! मी म्हणत होतो ना, आपोआप कळतं?"

"केल्विन, मला वाटतं मशीनचं काहीतरी..."

"उद्या सकाळी वही घेऊन ये. सगळ्या सह्या एकदम टाकतो. शुक्रवारच्या टपालात गेली की जागा तुझी." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "आता कुठे तू शिकायला लागलीस."

वॉर्डात आईने तिच्याकडे बघताच विचारलं, "कोण मेलं?"

"कोणी नाही. उद्या सह्या मिळणार आहेत."

"मग असं तोंड का?"

मार्लिनने सांगितलं. आईने चाळीस कापण्या काढल्या होत्या. सगळं ऐकून घेताना ती एकाच ठिकाणी अडली. "नॉबी क्रेग गप्प बसला?"

"एक शब्द नाही."

"त्याचा बाप प्रार्थनेतही पाद्र्याला मधे तोडायचा," आई म्हणाली. "बाकी मला तुझ्या आकड्यांतलं कळत नाही. पण क्रेगांचा माणूस फुकट गप्प बसत नाही."

मार्लिनने खातेवही मांडीवर उघडली. आयव्हनचे बारा-एक, अधिक नेहमीची तीन दशांशाची थाप, म्हणजे खरे बारा-चार. मशीन म्हणालं अकरा-पाच. फरक नऊ दशांश. कॉलीनचे खरे बारा-पाच, मशीन अकरा-सहा. नऊ दशांश. नॉबीचे खरे बारा-तीन, मशीन अकरा-चार. पुन्हा नऊ. एका रात्रीत तिन्ही शेतकरी प्रामाणिक झाले, तेही एकाच मापाने, असं मानायचं किंवा मशीन बिघडलं असं मानायचं. मार्लिन या गावात जन्मली होती. पहिल्या शक्यतेवर तिने वेळ घालवला नाही.

गुरुवारी सकाळी तिने अंगण ओलांडलं ते दोन विचार घेऊन. आधी मशीनचं सांगावं हा दुसरा; आधी सह्या घ्याव्यात आणि मग तोंड उघडावं, हा पहिला. चोख विचार होता. दोन मिनिटांचं काम. मागे रांगेत चौदा ट्रक होते आणि कालचा ओला गहू रासभर पसरलेला होता. दोन मिनिटांनी त्यात काय फरक पडणार? हा विचार कचेरीच्या दारापर्यंत तिच्यासोबत आला.

केल्विन पेनाचं टोपण काढूनच बसला होता. "आण."

"आण म्हणतोस, पण एक बरणी दे आधी."

"कसली बरणी?"

"तपासणीची. कंपनी मोजून पाठवते ना, ज्यातल्या गव्हाचा ओलावा आधीच ठाऊक असतो? रोज सकाळी तो मशीनमध्ये टाकून बघायचा असतो, मशीन खरं बोलतंय का ते. दारावरच्या तक्त्यात लिहिलंय. तू रोज सही करतोस त्या तक्त्यात."

केल्विनच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकला. "ती बरणी. हो. आहे कुठेतरी."

ती सापडली कपाटात, मागच्या वर्षीच्या नाताळाच्या कागदी टोप्यांखाली. झाकणावरची सीलची लाल पट्टी अख्खी होती. तक्त्यात तेवीस सह्या होत्या.

दोघांनीही त्या पट्टीकडे पाहिलं. केल्विननेच आधी नजर उचलली, आणि मार्लिनला कळलं की हा माणूस मूर्ख नाही. नुसता घाबरट आहे, आणि घाबरटाशी व्यवहार जास्त जपून करावा लागतो.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "आज एकोणीस तारीख. तू ती पट्टी फोडलीस आणि आकडा चुकला, तर मशीन बंद करावं लागेल. खाली चौदा ट्रक आहेत. म्हणजे चौदा तक्रारी. चौदा तक्रारी असलेल्या माणसाच्या वहीवर मी सही करू शकत नाही, मार्लिन. माझे हात बांधलेले आहेत. मशीन छान चाललंय. लोक खूश आहेत. सही हवी की बरणी?"

पहिला विचार अजून दारात उभा होता. त्याच्यासोबत आईची खाटही होती, खिडकीजवळची. पण मार्लिनला त्या वहीतलं एकोणिसावं कौशल्य आठवत होतं: 'मशीनची रोजची तपासणी करता येते.' त्याच्यावर केल्विनची चोविसावी सही पडणार होती, आणि यावेळी खाली तिचं नाव असणार होतं.

तिने बरणी उचलली आणि जिना चढली.

बरणीवर छापलेलं होतं, अकरा पूर्णांक शून्य. मशीन म्हणालं, दहा पूर्णांक एक. तिने पुन्हा टाकलं. दहा-एक. नऊ दशांशांनी खोटं, चोख, एकाही दशांशाची हयगय नाही. नॉबीने त्याच्याकडून शिकावं.

मार्लिनने ट्रक थांबवायचा लाल दिवा लावला.

पहिला हॉर्न कॉलीनचा. मग सगळ्यांचे. तीन जण ट्रकमधून उतरून माचीखाली उभे राहिले.

"काय झालं गं?" आयव्हनने विचारलं. "इतकं छान चाललं होतं."

"मशीन चुकतंय. आज गहू घेणार नाही. आयव्हन, तुझ्या घरच्या मशीनवर आज किती आला?"

आयव्हनने टोपी काढून आत पाहिलं. "बंद पडलंय ते. बॅटरी."

"कॉलीन?"

"माझंही बिघडलंय."

"नॉबी?"

"मी विकलं," नॉबी म्हणाला. "मंगळवारी."

"मंगळवारी सगळ्यांचीच गेली म्हणायची."

"तुला फार डोकं फुटलंय," कॉलीन म्हणाली. "आम्ही शिकवलं नसतं तर नळी कुठून धरायची ते माहीत नव्हतं तुला."

"ते खरंय," मार्लिन म्हणाली. "लिहून ठेवलंय मी."

ट्रक तोलायचा काटा अर्धा तास थांबला की शहरातल्या कचेरीत आपोआप कळतं. सव्वादहाला केल्विनचा फोन वाजला. मार्लिन समोरच बसली होती. फोनवर बर्डेटबाई होत्या. सगळ्या सायलोंमधल्या गव्हाचा दर्जा त्या बघायच्या आणि त्यांचा आवाज इतका शांत होता की केल्विनने खुर्ची पुढे ओढून घेतली.

"काटा का थांबलाय, केल्विन?"

"मशीनमध्ये थोडा फरक दिसला. नऊ दशांश. आम्ही लगेच थांबवलं."

"चांगलं केलंत. मंगळवार-बुधवारचा गहू बाजूला काढा, हवा सोडा त्यात. आज पकडलंत म्हणून वाचलं, अजून चार दिवस गेले असते तर अख्खी रास गेली असती. कोणी पकडलं?"

केल्विनने मार्लिनकडे पाहिलं. "माझी... शिकाऊ. मार्लिन ट्रेगेन्झा."

"कशावरून पकडलं तिने?"

"बरणीवरून," केल्विन म्हणाला. इतकं तरी खरं होतं.

"म्हणजे रोजच्या तपासणीत. छान. तिला शिकवलं कोणी?"

या प्रश्नाला दोनच उत्तरं होती, आणि मार्लिनला ती दोन्ही केल्विनच्या चेहऱ्यावर मांडलेली दिसत होती. कोणीच नाही म्हणावं, तर तीन आठवडे न शिकवलेल्या बाईच्या हातात तालुक्याचा गहू कोणी दिला, हा पुढचा प्रश्न. आणि दुसरं उत्तर दिलं, तर वही.

"मीच," केल्विन म्हणाला.

"मग तिची वही पूर्ण असेल. आजच्या गाडीने पाठवा, मला हीच बाई हवी आहे तिथे." फोन ठेवला गेला.

केल्विनने हात पुढे केला. मार्लिनने निळी वही त्याच्यापुढे उघडली.

पहिल्या आठ सह्या त्याने एका दमात केल्या. नवव्याला पेन थांबलं. "हे 'राशीच्या पोटातलं तापमान'... हे कसं बघतात?"

मार्लिनने सांगितलं. लांब सळई, खोलवर, तीन ठिकाणी. त्याने मान हलवली, जणू परीक्षाच घेत होता, आणि सही केली. चौदाव्याला पुन्हा थांबला. सतराव्याला. एकोणिसाव्याला तो बराच वेळ थांबला आणि मार्लिनने काहीही न विचारता बरणीचं सगळं त्याला सुरुवातीपासून सांगितलं: कधी उघडायची, किती टाकायचा, आकडा किती सरकला तर चालतो, किती सरकला तर नाही. बाविसाव्यापासून त्याने परीक्षा घेतल्याचं सोंग सोडलं. खुर्ची तिच्या बाजूला ओढली. एका कागदावर तो काहीतरी लिहून घेऊ लागला, हातानं झाकून, शाळेतल्यासारखं.

एकतिसाव्याला त्याने सही केली नाही. तो भिंतीकडे बघत बसला. तिथे त्याच्या आधीच्या साहेबाचा फोटो होता, जाडसर, हसरा, थंड कॉफीचा खोका हातात.

"अकरा वर्षं झाली मला," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी यांनी मला किल्ली दिली आणि मासे धरायला गेले. इतकं सोपं होतं, तर मला कोणी कधी सांगितलं का नाही?"

बाहेर नॉबीने हॉर्नवर हात ठेवला होता आणि काढत नव्हता. मार्लिनला या माणसाची दया आली, ही गोष्ट तिला अजिबात आवडली नाही. दया आली म्हणून तिने हिशेब सोडला असता तर बावीस वर्षांत बँक तिनेच बुडवली असती.

"एकतिसावं तेवढं कर," ती म्हणाली.

त्याने केली. मग तारखांच्या रकान्यात पहिल्या ओळीवर पेन टेकवून तो म्हणाला, "पंचवीस नोव्हेंबर टाकू का? नाहीतर एकतीसच्या एकतीस गोष्टी एकाच दिवसात शिकवल्या असं दिसेल. बर्डेटबाई विश्वास ठेवतील का?"

"आजची टाक," मार्लिन म्हणाली. "आज शिकवल्याच आहेत. कोणी कोणाला, तेवढं त्या विचारत नाहीत."

केल्विनने तिच्याकडे पाहिलं, आणि एकोणीस डिसेंबर, एकोणीस डिसेंबर, असं वरपासून खालपर्यंत लिहीत गेला. मार्लिन शेजारी बसून मोजत होती.